आठव्या ओळीची फेरमोजणी

बळीरामभाऊ गेल्याची चिठ्ठी माझ्या हातात आली, तेव्हा मी तिच्या पाठीवर ‘तपासले, बरोबर’ असं लिहून खाली सही केली आणि आणणाऱ्याच्याच हाती ती परत पाठवून दिली. माणूस इतका गाढव कसा असू शकतो, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही गेले पाच आठवडे तेच वाटतं आहे. झालं असं, की मूल गावातल्या आमच्या शाळेत वार्षिक परीक्षा चालू होती, मी वर्गात पहारा करत होतो आणि राइस मिलचा हमाल दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात घडी घातलेला कागद. असा कागद तीन वर्षं, पावसाळ्याचे महिने सोडले तर, जवळपास दर आठवड्याला येत होता आणि त्यात नेहमी आकडे असत. मी घडी न उघडता खिशातली पेन काढली, सवयीनं लिहायचं ते लिहिलं आणि पुन्हा वर्गाकडे वळलो. अर्ध्या तासानं लाकूड डेपोच्या ट्रकचे ड्रायव्हर करीमभाई स्वतः शाळेच्या फाटकाशी आले. एरवी ते मिलवर तांदूळ भरून घेत आणि निघून जात.

“मास्तर, अंदर का पढा क्या?”

“आकडेच ना?” मी म्हणालो.

करीमभाईंनी घडी उलगडून माझ्यापुढे धरली. आत एकही आकडा नव्हता. डेपोच्या बाबूच्या अक्षरात दोन ओळी होत्या... बळीराम मोजणीदार काल सकाळी तापानं वारले, बहिणीला घेऊन यावे. आणि कागद पातळ असल्यामुळे माझी सही पलीकडून उलटी दिसत होती.

बळीरामभाऊ माझ्या पत्नीचे थोरले भाऊ. थोरला बळीराम, धाकटी सुभद्रा. मधला कृष्ण राहूनच गेला, असं माझे सासरे म्हणत. त्या हिशेबानं मी अर्जुन. माशाचा डोळा फोडणं तर दूरच, मला साधा भागाकार धड जमत नाही. मी मराठीचा मास्तर आहे. भाऊ अहेरीच्या पुढे जंगलातल्या एका लाकूड डेपोवर मोजणीदार होते. बायको लग्नानंतर दोनच वर्षांत गेली, मूल नाही, पुन्हा लग्न केलं नाही. डेपोच्या कुंपणाशेजारी एक खोली, पुढे मोहाचं झाड, एवढा संसार. सागाचा लठ्ठा बैलगाडीतून उतरला, की भाऊ त्याची लांबी आणि घेर मोजायचे, त्याला नंबर द्यायचे. पण तो नंबर लगेच ठोकायचा नाही. आधी दुसऱ्या माणसानं तोच लठ्ठा पुन्हा मोजायचा. याला फेरमोजणी म्हणत. दोघांचं जुळलं, की मगच हातोड्यानं लठ्ठ्याच्या तोंडावर लोखंडी ठसे मारायचे. ज्या हातानं मोजलं त्या हातानं फेरमोजणी करायची नाही, हा डेपोचा नियम. इतर मोजणीदार चहाच्या कपावर एकमेकांची फेरमोजणी उरकत. भाऊ मात्र दुसऱ्याच्या लठ्ठ्यालाही पट्टी लावून पाहात, आणि त्यामुळे त्यांचा चहा बहुधा थंडच होई.

आकड्यांचं वेड त्यांना लागलं ते एका लठ्ठ्यामुळे. त्याच्या तोंडावर ७३९ ठोकलेला होता. उन्हानं कडेची चकती तडकून निघाली, नऊचा आकडा तिच्याबरोबर गेला आणि लठ्ठ्यावर उरला ७३. डेपोत आधीच एक ७३ नंबरचा लठ्ठा होता, त्यामुळे दुपारभर गोंधळ. भाऊंनी तो निस्तरला, पण त्यांच्या मनात निराळंच सुरू झालं. डेपोत लाकूड घेताना हातोड्यानं ठोकून पाहतात. भरीव असेल तर आवाज एक, पोकळ असेल तर दुसरा. भाऊ नंबरही असेच ठोकून पाहू लागले. एक सोडला तर कुठल्याच लहान आकड्यानं ज्याला पुरता भाग जात नाही, तो भरीव. आम्ही शाळेत त्याला मूळ संख्या म्हणतो. ७३९ भरीव होता. शेंडा तुटून उरला तो ७३, तोही भरीव. त्याचाही शेंडा तोडला तर ७, तोही भरीव.

त्या दिवाळीत भाऊबीजेला ते आमच्याकडे आले तेव्हा ओवाळून झाल्याबरोबर मला म्हणाले, “मास्तर, एक इचारू का जी? लय मोठा आकडा बी भरीव राहू शकते का?”

खरं म्हणजे ‘मला माहीत नाही’ एवढं म्हणायचं होतं. पण समोर फराळाचं ताट, डोक्यावर मास्तरकीची टोपी. मी म्हणालो, “छे हो! आकडा जितका मोठा, तितके त्याला भागणारे जास्त. कुणी ना कुणी भागतोच.”

“असं?” भाऊ म्हणाले आणि त्यांनी शंकरपाळा तोंडात टाकला.

माझ्या त्या एका वाक्यानं त्या माणसाची पुढची सगळी वर्षं खाल्ली. पुढच्या भाऊबीजेला त्यांनी पिशवीतून वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. पहिल्या पानावर एकाखाली एक लिहिलं होतं: ७, ७३, ७३९, ७३९३, ७३९३९, ७३९३९१. “मास्तर, सात लाखाच्या वर गेलो. शेंड्याकडून कुठी बी कापा, उरते तो भरीवच. तुमी म्हणत होता नाई होत म्हणून.” मी वही पालथी घालून पाहिली, जणू पलीकडून काही निराळं दिसेल. सुभद्रा स्वयंपाकघरातून ओरडली, “दादा, त्यांले काय इचारतं? त्यांले पाढे बी बोटावर मोजा लागते!”

रीत त्यांची साधी होती, आणि सांगताना ते हातानं लठ्ठा उभा केल्यासारखं करत. एका भरीव आकड्याच्या शेवटी आणखी एक आकडा चिकटवायचा. दोन, चार, सहा, आठ, शून्य चालत नाहीत, कारण मग दोननं भाग जातो. पाच चालत नाही. उरतात एक, तीन, सात, नऊ. प्रत्येक लावून ठोकून पाहायचा. “हा पाहा, ७३१. दिसाले कसा मस्त भरीव दिसते. अन् सतरानं ठोकला, की फुटला... सतरा त्रेचाळीस.” ७३९ च्या पुढे एक लावला तर तो एकोणीसनं फुटला, सात लावला तर तेरानं, नऊ लावला तर सातनंच. फक्त तीन लागला. असं करत करत, पुढच्या उन्हाळ्यात ते आठ आकड्यांवर पोचले... सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. ७३९३९१३३. याला ठोकून पाहायला साडेआठ हजारांच्या पुढेपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं भागावं लागतं. असे हजाराहून जास्त भागाकार. दिवसभर लाकूड मोजायचं आणि सकाळी कामाला जाण्याआधी दोन-तीन भागाकार करायचे, हा त्यांचा क्रम. मी त्यांना म्हटलं, “भाऊ, एखादं सरळ देवाचं नाव घ्या की सकाळी!” ते म्हणाले, “देवाले फेरमोजणी लागत नाई जी. याले लागते.”

आणि फेरमोजणीसाठी त्यांनी निवडलं मला. डेपोतला कुणीही भागाकार करू शकला असता. बाबू तर हिशेबातला पक्का होता, सात आकड्यांपर्यंतची फेरमोजणी त्यानंच केली होती. पण भाऊंच्या मते मास्तर तो मास्तर. दहा भागाकारांची एक चिठ्ठी, मजुरांचा तांदूळ न्यायला करीमभाई मूलला यायचे त्यांच्याबरोबर सकाळी यायची आणि त्याच ट्रकनं दुपारी सहीसकट परत जायची. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: कितीनं भागलं, भाग किती आला, बाकी किती राहिली. बाकी शून्य आली, तर आकडा फुटला, सगळं संपलं.

पहिल्या तीन चिठ्ठ्या मी खरोखर तपासल्या. हे मी शपथेवर सांगतो. कारण तेवढंच शपथेवर सांगण्यासारखं माझ्याजवळ आहे. एकशे एकतीसपर्यंत सगळ्या बाक्या बरोबर होत्या. मला एकेका भागाकाराला पाव तास लागायचा, मध्ये खोडरबर, मध्ये सुभद्रेचं “अवो, भात निवून राह्यला.” चौथी चिठ्ठी आली त्या दिवशी शाळेत साहेबांची तपासणी होती. मी म्हटलं, भाऊंचं कधी चुकलंय? केली सही. पुढच्या आठवड्यात आकाश कोसळलं नाही. मग पाचवीवर केली, सहावीवर केली... पावसाळ्यात रस्ता बंद पडला, की चिठ्ठ्या साठून दसऱ्याला गठ्ठ्यानं यायच्या, आणि मी पानावर चुना लावावा तशा त्यांच्यावर एका बैठकीत सह्या करायचो. सुभद्रेला अभिमान वाटायचा. शेजारच्या बाईंना ती सांगायची, “आमचा दादा अन् आमचे हे मिळून काईतरी मोठं गणित करून राह्यले.” मी ऐकायचो आणि घसा साफ करायचो.

आमची शेवटची भेट गेल्या भाऊबीजेची. भाऊ जरा वाळले होते, पण डोळे तेच. सगळे भागाकार पुरे झाले होते, आकडा कशानंच फुटला नव्हता. जेवताना त्यांनी विचारलं, “मास्तर, फेरमोजणी झाली का जी सगळी?”

“झाली की! सह्या पाठवल्या ना.”

“सह्या आल्या,” भाऊ म्हणाले. मग भाताचा एक घास, मग पुन्हा... “सह्या आल्या.”

“मग आता वाट कसली पाहता? जाहीर करा!”

“करू. घाई काय हाये? सागाले शंभर वर्षं लागते.” आणि सुभद्रेकडे वळून म्हणाले, “बाई, कढी वाढ थोडी.” मी तेव्हा हसलो होतो. त्या हसण्याची आता आठवण येते आणि मी खुर्चीतून उठून उभा राहतो. सध्या मी फार वेळा उठून उभा राहतो.

चिठ्ठी उलगडली त्याच दिवशी दुपारी आम्ही करीमभाईंच्या ट्रकनं, तांदळाच्या पोत्यांना पाठ लावून निघालो. पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला आणि भाऊंचं सगळं आटोपलेलं होतं. मजुरांनी मिळून केलं. वाटेत सुभद्रा एकदाच बोलली. “चिठ्ठी सकाळी आली होती ना? मंग दुपारपर्यंत काऊन सांगितलं नाई?” मी परीक्षेचं कारण दिलं. खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

भाऊंच्या खोलीत सुभद्रा कपडे आवरायला बसली आणि मला बाहेर लालसूनं हाक मारली. लालसू हा जवळच्या पाड्यावरचा गोंड गडी, डेपोत हातोडा तोच मारायचा. भाऊंनी नंबर सांगायचा आणि लालसूनं ठसा ठेवून एका घावात ठोकायचा, अशी त्यांची वीस वर्षांची जोडी. त्यानं मोहाच्या झाडाखाली एक सागाची फळी आणून ठेवली. रंधून गुळगुळीत केलेली, हातभर लांब. तिच्यावर डेपोच्या जुन्या, झिजलेल्या ठशांनी ओळी ठोकल्या होत्या. पहिल्या ओळीत ७. दुसरीत ७३. मग ७३९... एकेक आकडा वाढत, पायऱ्या उतराव्या तशा सात ओळी. सातव्या ओळीत ७३९३९१३. त्याखाली आठव्या ओळीची जागा आखलेली, पेन्सिलीच्या दोन बारीक रेघा, आणि मध्ये कोरं लाकूड.

“आठवी राहिली वाटतं,” मी म्हणालो.

“राह्यली नाई जी. मीच दिवाळीपासून मांगं लागलो होतो, भाऊ, ठोकून टाकू, ठोकून टाकू. भाऊ म्हणे, नाई. मास्तरची फेरमोजणी बाकी हाये.”

“माझी? मी तर सगळ्या सह्या...”

लालसूला सह्यांचं काही ठाऊक नव्हतं, असं मला वाटतं. त्याच्या चेहऱ्यावर माझी वाट पाहण्याखेरीज काही नव्हतं. मी खोलीत गेलो. खिळ्याला एक तार होती आणि तारेत माझ्या सहीच्या सगळ्या चिठ्ठ्या ओवलेल्या, पहिलीपासून क्रमानं. शेजारी भाऊंची वही. मी तार काढून बाहेर घेऊन आलो आणि एकेक चिठ्ठी वहीशी ताडून पाहू लागलो. सतराव्या चिठ्ठीत एक ओळ होती... एक हजार नऊनं भागलं, भाग ७३२७९, बाकी शून्य.

बाकी शून्य! म्हणजे आकडा फुटला. म्हणजे दोन वर्षांपूर्वीच सगळं संपलेलं. आणि त्याच्या खाली, माझ्या अक्षरात, ‘तपासले, बरोबर’.

वहीत पाहिलं. वहीत त्याच भागाकाराची बाकी ६२२ होती. मी लालसूकडून खडू घेतला आणि तिथंच जमिनीवर, मोहाची फुलं बाजूला सारून, भागाकार मांडला. तीनदा चुकलो. चौथ्यांदा ६२२ आली. आकडा फुटला नव्हता. त्या चिठ्ठीत भाऊंनी मुद्दाम शून्य लिहिलं होतं. ते तपासायला गणित येण्याची गरजच नव्हती, नुसतं वाचलं असतं तरी पुरे होतं. ज्याच्यासाठी एक माणूस रोज पहाटे उठून बसतो, तो आकडा माझ्या हातात फुटलेला दिसायला हवा होता. मी धावत मिलवर जायला हवं होतं, करीमभाईंचा ट्रक थांबवायला हवा होता. मी ‘बरोबर’ म्हटलं होतं.

त्यानंतरची वही मी उभ्यानंच चाळली. एक हजार नऊच्या पुढे प्रत्येक भागाकार दोनदा केलेला होता, एकदा निळ्या शाईनं, एकदा पेन्सिलीनं. म्हणजे त्यांना कळलं होतं, आणि माझं काम तेच करत होते. पण डेपोचा नियम, ज्या हातानं मोजलं त्या हातानं फेरमोजणी नाही. त्यामुळे दोनदा करूनही त्यांच्या लेखी ती एकच मोजणी. अगदी शेवटच्या पानांवर नवव्या आकड्याचा शोध होता; दिवाळीनंतर येत राहिलेल्या चिठ्ठ्या त्याच्याच. एक आणि सात लावल्यावर तो तीननंच फुटला होता, तीन लावल्यावर एकशे सत्तावीसनं. नऊ लावलेला तेवढा टिकून होता, आणि शेवटची ओळ होती, तीनशे त्रेपन्ननं भागलं, बाकी १०. त्याच्या पुढे तीनशे एकोणसाठ लिहून ठेवलेलं, समोर काही नाही... तो नववा आकडा माझ्या आवाक्यातला नाही, तो कुणी दुसऱ्यानं पाहावा.

मला छळतं ते निराळंच. कळल्यावरही भाऊ चिठ्ठ्या पाठवत का राहिले? नव्वदच्या वर चिठ्ठ्या! एका ओळीनं मला उघडं पाडता आलं असतं. भाऊबीजेच्या ताटावर म्हणता आलं असतं, ‘मास्तर, एक हजार नऊचं काय झालं जी?’ सुभद्रेसमोर माझी टोपी उतरली असती. कधी वाटतं, म्हणूनच बोलले नाहीत. कधी वाटतं, दर आठवड्याला त्यांना आशा वाटत असेल, या खेपेला तरी हा माणूस वाचेल. दुसरा विचार आला, की मी वर्गात शिकवतानाच मध्येच थांबतो. परवा कविता समजावून सांगताना फळ्यावर १००९ लिहून बसलो.

निघताना लालसूनं फळी आणि आकड्यांचे ठसे कापडात बांधून माझ्या हवाली केले. “मोजून झालं की ठोका जी. एका घावात ठोकजा. दोन मारले तर आकडा पसरते.” ट्रकमध्ये मी ती फळी मांडीवर घेऊन बसलो. वैनगंगेच्या काठी ट्रक पलीकडे नेणाऱ्या नावेची वाट पाहताना सुभद्रेनं ओळींवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “आठवी काऊन नाई?” मी म्हणालो, “राहून गेली असेल.”

त्यानंतर चार आठवडे फळी आमच्या ओसरीवर भिंतीला टेकून उभी होती आणि मी एकही भागाकार केला नाही. करायचे होते एकशे सदतीसपासून पुढे, म्हणजे हजाराहून जास्तच. रोज सकाळी कागद काढायचो, पेन्सिलीला टोक करायचो, टोक मोडायचो, पुन्हा करायचो. घरात दोन पेन्सिली संपल्या, एक आकडा लिहिला नाही. शाळेत जायला उशीर होऊ लागला. जेवताना घास हातात तसाच राहायचा. मग गेल्या आठवड्यात एका दुपारी सुभद्रा शेजारी कुरड्या घालायला गेली होती आणि माझ्या डोक्यात आलं... आकडा तर भरीवच आहे. भाऊंनी दोनदा मोजलाय. ठोकून टाकला तर कुणाला कळणार आहे? मी फळी पायरीवर आडवी ठेवली, सातचा ठसा रेघांच्या मध्ये उभा धरला आणि हातोडा उचलला.

घाव अंगठ्यावर बसला. मी कसला ओरडलो, ते शेजारी कुरड्यांपर्यंत ऐकू गेलं. सुभद्रा पिठाच्या हातांनीच धावत आली. अंगठा पाहिला, फळी पाहिली, ठसा पाहिला. “काय करून राह्यले होते?” आणि मग, अंगठ्याला हळद बांधून घेता घेता, मी सगळं सांगितलं. चौथी चिठ्ठी. सतरावी चिठ्ठी. बाकी शून्य. ‘बरोबर’. आणि ती शेवटची चिठ्ठीही, जिच्यात तिचा दादा गेल्याचं लिहिलं होतं आणि जी मी न उघडता सही करून परत पाठवली होती. तिनं हळदीची गाठ मारली आणि उठून गेली.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. रडलीही नाही. ताट वाढायची आणि भिंतीकडे पाहात बसायची. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहाआधी बसलो आणि, अंगठा आडवा येत असताना, एकशे सदतीसनं भागायला घेतलं. पाव तास नव्हे, पाऊण तास लागला. भाग आला ५३९७०१, बाकी ९६. कागद तिच्यापुढे ठेवला. ती सुपात तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि माझ्या हातातली पेन्सिल घेतली. सुभद्रा चौथीपर्यंत शिकली आहे, भाऊंच्याच पाटीवर. तिनं भागाला एकशे सदतीसनं गुणलं, ओठांत पुटपुटत, एकही हातचा न चुकता, आणि खालून शहाण्णव मिळवले. कागदावर ७३९३९१३३ आला. मी पेन काढली आणि खाली सही करायला कागद ओढू लागलो, तशी तिनं तो तळव्याखाली दाबून धरला.

“भागा तुमी,” ती म्हणाली. “सही मी करीन.”